सदस्य क्रमांक एक, सकाळी सहा दहा

१५ ऑक्टोबर, रविवार. स. ६.४०
साइट पुन्हा पडली. बरोबर ६.१० ला. सलग तिसरा रविवार. चर्चला जाण्याआधी मी तपासतो म्हणून लक्षात तरी आलं. सहा मिनिटांत उभी केली. कंपनीवाल्यांना दोन दिवस लागले असते.
कारण सापडेपर्यंत रोजनिशी लिहायची असं ठरवलं. कुन्नत्तुपरंबिल घराण्याच्या कुटुंबयोगमची, म्हणजे कुळमंडळाची, ही वेबसाइट, ४१२ सदस्य, केरळातल्या पांपाडीपासून कुवेतपर्यंत, मी एकहाती केलेली. टायपिंग इन्स्टिट्यूट चालवता चालवता एकेचाळिसाव्या वर्षी पुस्तकांवरून शिकलो. शिकवणी नाही, गुरू नाही. सप्टेंबरअखेर नव्या सर्व्हरवर हलवली आणि लॉगिनचा भाग नव्यानं लिहिला. त्यात दोष असणं शक्य नाही.

त्याच दिवशी, ११.१५
चर्चमधली कुर्बाना आटोपून लॉग वाचला. तिन्ही रविवारी ६.१० ला एकाच सदस्यानं लॉगिन केलं आणि सर्व्हर कोसळला. सदस्य क्रमांक १.
क्रमांक १ म्हणजे शेबा. आमची मुलगी.
जेवलो नाही. काल बीफ जास्त झालं.

१६ ऑक्टोबर
तांत्रिक नोंद. भावनेचा संबंध नाही.
शेबा टोरोंटोला असते. तिथल्याच एका पंजाबी मुलाशी रजिस्टर लग्न केलं. कुटुंबयोगमचा नियम १४: चर्चबाहेर लग्न केल्यास वंशावळीतून नाव कमी. नियम मीच टाइप केलेला, म्हणून नावही मीच काढलं. त्याच दिवशी दुपारी ३.२० ला. लॉगिनचं खातं तेवढं राहिलं. तेव्हापासून बोलणं नाही. मी ते विसरलोही आहे. आज चार वर्षं, एक महिना, अकरा दिवस झाले.
आपले ६.१० म्हणजे तिथले शनिवार रात्रीचे ८.४०. जेवण उरकून, भांडी घासून निवांत बसायची वेळ. पासवर्ड तिन्ही वेळा पहिल्या फटक्यात बरोबर. म्हणजे आठवणीत आहे. लॉगमध्ये कनेक्शनचा पत्ता मात्र भारतातला दिसतो. वाट लपवून येत असणार. हुशार आहे, मुलगी कोणाची.
लीलाम्माला सांगितलं नाही. बायकांच्या जातीला तांत्रिक गोष्टीत ताबडतोब रडू येतं. शिवाय ती स्वतः कोणाशीतरी फोनवर हळू बोलत असते आणि मी खोलीत शिरलो की विषय नारळांवर जातो. मी विचारत नाही.

१९ ऑक्टोबर
थंबिच्चनचा फोन. चुलतभाऊ, कुटुंबयोगमचा सेक्रेटरी, कॉम्प्युटरमध्ये शून्य. म्हणाला, ईप्पच्चाया, रविवारी सकाळी आपली माणसं फोटो बघायला बसतात आणि तुमची साइट आडवी होते. २५ नोव्हेंबरच्या वार्षिक सभेपर्यंत सरळ झाली नाही तर कोचीच्या कंपनीला देणार. वर उपाय सुचवला: ज्या खात्यामुळे पडते ते खातं उडवून टाका.
मी त्याला सांगितलं, माणसाची नोंद अशी उडवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तत्त्वात? असं दोनदा विचारून त्यानं फोन ठेवला. पटलं असावं.

२२ ऑक्टोबर, रविवार
दुरुस्ती क्र. १. आठवडाभरात एक्केचाळीस वेगवेगळ्या खात्यांनी चाचणी घेतली. शंभर टक्के पास. ६.१० ला शेबा आली, सर्व्हर पडला.
निष्कर्ष: बाकी सगळ्यांशी व्यवस्थित चालतं. बिघडतं ते फक्त शेबाशी.

२९ ऑक्टोबर, रविवार
दुरुस्ती क्र. २. या वेळी लगेच पडला नाही, चार मिनिटांनी पडला. लक्षणीय प्रगती.
चार मिनिटं ती फिरणाऱ्या गोलाकडे बघत बसली असेल.

३ नोव्हेंबर
कारण सापडलं. शेबाचं खातं आहे, पण वंशावळीत माणूस नाही. लॉगिन झालं की माझा प्रोग्रॅम डेटाबेसला विचारतो, ही कोणाची मुलगी? उत्तर येत नाही. पुन्हा विचारतो. विचारतच राहतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि शेवटी सर्व्हर छाती धरून खाली बसतो.
नाव परत घातलं तर दोन मिनिटांत प्रश्न मिटतो. थंबिच्चनला फोनवर चुकून बोललो, तर म्हणाला, घाला ना मग, अडवलंय कोणी? नियम १४ आजवर एकाच माणसाला लागलाय. आपल्यातल्या बाबूच्या पोरानं बंगळुरूत हिंदू मुलीशी लग्न केलं, त्यांचा केक कापतानाचा फोटो तुमच्याच साइटवर आहे.
मी म्हटलं, तो फोटो मी तपासला नव्हता.
नाव घातलं नाही. प्रोग्रॅममधल्या दोषासाठी माहिती बदलणं ही कच्च्या माणसाची पद्धत. त्याऐवजी त्रेसष्ट ओळी लिहिल्या. आता एखादा माणूस कोणाचाच नसला तरी सर्व्हर त्याला काही न विचारता आत घेईल.

५ नोव्हेंबर, रविवार
६.१० ला आली. पडला नाही. पान उघडलं. अकरा सेकंद थांबून गेली.
लीलाम्माला सांगितलं की दुरुस्ती पास झाली. तिनं नाश्त्याच्या पुट्टूवर आणखी एक केळं ठेवलं आणि विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, स्क्रीनमुळे.

९ नोव्हेंबर
शेबाच्या पानावर एक सूचना टाकायची ठरवली. लॉगिन झाल्यावर तिलाच दिसेल. पाहिली की आकडा वाढेल. हाही चाचणीचाच भाग.
मसुदा १: आपले खाते दुरुस्त करण्यात आले आहे. मसुदा ४: गैरसोयीबद्दल दिलगीर. मसुदा ९ टाकला: शेबा, विहिरीजवळच्या रंबुटानला यंदा पहिल्यांदा फळं धरली. वटवाघळांनी खाल्ली. पुढच्या वर्षी जाळी लावणार आहे.
पुरेसं स्पष्ट आहे.

१२ नोव्हेंबर, रविवार
महत्त्वाची नोंद. कॅनडात गेल्या रविवारी घड्याळं एक तास मागे केली. म्हणजे ती तिच्या ८.४० ला बसली, तर आपल्याकडे ७.१० व्हायला हवेत. मी ७.१० ची तयारी ठेवली होती. आली ६.१० लाच! तिथे संध्याकाळचे ७.४० होते.
अर्थ सरळ आहे. पोरगी आपल्या घड्याळावर चालते. अप्पा रविवारी चर्चआधी कॉम्प्युटरवर बसतात हे तिला माहीत आहे. नेमकी तीच वेळ गाठते.
सूचना पाहिली: १. थांबली अकरा सेकंद. लहानपणापासून भरभर वाचते. उत्तर नाही. येईल. तीही माझ्यासारखीच, मसुदे करत असेल.

१९ नोव्हेंबर, रविवार. स. ६.५०
५.५० ला वीज गेली. तारेवर रबराच्या झाडाची फांदी पडली म्हणे. मोबाइलवर बघत बसलो. ६.१० ला आली नाही. ६.३० नाही. आत्तापर्यंत नाही. असं कधी झालेलं नाही. तिथे बर्फ पडतो. गाडी घसरते. ताप असेल.
चर्चला जात नाही.

७.४०
लीलाम्माला म्हटलं, तुझ्याकडे नंबर असला तर शेबाला फोन कर. नंबर असला तर काय, तिला पाठ होता. या वेळी आवाज हळू केला नाही.
शेबा ठीक आहे. कणीक मळत होती. साइट चार वर्षांत उघडलेली नाही. पासवर्ड आठवत नाही.
लीलाम्मानं विचारलं, हे सगळं कशासाठी? मी म्हटलं, सर्व्हे चालू आहे.

९.४५
९.३० ला वीज आली. ९.३१ ला शेबा आली.
लॉगमधला पत्ता आपल्या घराच्या कनेक्शनशी ताडून पाहिला. आधीच पाहायला हवा होता. वर इन्स्टिट्यूटच्या खोलीत गेलो. टाइपरायटरांमागे जुना कॉम्प्युटर कापडाखाली चालू आहे, सहा वर्षं. त्यात नऊ ओळींचा एक प्रोग्रॅम, माझा. दर रविवारी ६.१० ला लॉगिन करून बघायचं, साइट ठीक आहे की नाही. वेळ चुकली तर वीज आल्यावर करायचं. अकरा सेकंदांनी बाहेर पडायचं. वर माझीच टीप: चाचणी शेबाच्या खात्यानं घ्यावी, ती घरचीच आहे.
पासवर्ड तिची जन्मतारीख. मीच दिलेला.

२० नोव्हेंबर
लीलाम्मा म्हणाली, शेबानं काल आणखी एक सांगितलं. तेव्हा तिनं उत्तर पाठवलं होतं.
कशाला उत्तर, ते आधी कळेना. मग आठवलं. नाव काढलं की साइटवरून आपोआप मेल जातो: वंशावळीतून आपले नाव कमी करण्यात आले आहे. अडचण असल्यास ॲडमिनशी संपर्क साधावा. शब्द माझेच. त्या पत्त्यावर येणारी उत्तरं मी कधी उघडली नाहीत. सगळा कचराच येतो.
आज उघडली. दोन हजार तीनशे जाहिराती. त्यांच्या तळाशी शेबा. त्याच दिवशी, ३.३४ ला. नाव काढल्यावर चौदा मिनिटांनी.
"ॲडमिन, अडचण आहे. अप्पांना सांगा, फोन करा. मी वाट बघते."

२५ नोव्हेंबर
सभा पार पडली. साइट दिवसभरात एकदाही पडली नाही. दुरुस्तीवर मी वीस मिनिटं बोललो, मग मासे तळल्याचा वास आला आणि थंबिच्चननं माइक काढून घेतला. साइट माझ्याकडेच राहिली.
सकाळी नाव परत घातलं होतं. त्रेसष्ट ओळी काढून टाकल्या, आता लागत नाहीत. पडद्यावर वंशावळ दाखवली तेव्हा ईप्पन या माझ्या नावाखाली शेबा होती. कोणाच्या लक्षातही आलं नाही. बहुतेकांना वाटत होतं, ती तिथेच आहे.
लीलाम्मानं पाहिलं. घरी येताना रिक्षात म्हणाली, "आता तिलाही सांगा, अच्चाया. तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."
उद्या सकाळी सर्वात आधी हेच काम. आणि त्या नऊ ओळी बंद करायच्या.

२६ नोव्हेंबर, रविवार
सहाला उठलो. ओळी बंद करणार होतो. पण कालच्या बदलानंतर एक शेवटची चाचणी घेणं शास्त्राला धरून आहे.
६.१० ला शेबा आली. अकरा सेकंद. सूचना पाहिली: ३.
लीलाम्मानं फोन टेबलावर ठेवलाय, नंबर लावून. फक्त दाबायचंय.
तिथे आता उशीर झाला असेल. झोपली असेल. उद्या करीन.