केवढं झाड, तेवढं गाणं

१४ जानेवारी १९६३. संक्रांत

आज आवडी गायली! माझी नातसून. लगीन होऊन आठ महिने झाले, घरात कधी मोठ्यानं शिंकली नाय पोर. आणि आज वहाळाकडच्या किंजळाखाली उभी राहून अशी गायली की माझा महिपत, तिचा सासरा, वर फांदीवर कोयती धरून तसाच बसून राहिला. मीच खालून ओरडले — अरे तोड की, ऐकत काय बसलास, गाणं संपेल ना.

गाणं आमचंच, पण वळण तिच्या माहेरचं. आम्ही झाडावर चढलेल्या माणसाला सांगतो —

पहिली फांदी तोड दादा, भाताच्या राबाला
दुसरी फांदी ठेव दादा, पाखराच्या पिलाला
तिसरी फांदी तोड दादा, गाईच्या गोठ्याला
शेंडा तेवढा राख दादा, शेंडा पावसाला
उतर दादा, उतर आता

तिचं माहेर पोलादपुराच्या वरच्या अंगाला. तिकडं माणसाला काय सांगतच नाय. झाडाला सांगतात —

बाबा, डोळं मीट, घडीभर सोस
शेंडा ठेवला पावसाला, धरू नको रोष

मला फार आवडलं. माणसाला सांगून तो ऐकेलच असं नाय. भाकऱ्या थापताना तेच गुणगुणत होते.

तिळाच्या वड्या दगड झाल्यात. माझे दोन दात उरलेत, ते वाचवायचे तर चोखून खायच्या.

१९ जानेवारी

गुरुजी आले होते. गेल्या साली साक्षरतेच्या वर्गात त्यांनीच मला अक्षरं शिकवली, ही वहीबी त्यांचीच. म्हणाले, "बयाबाई, ते गाणं लिहून द्या ना, शाळेत मुलांना शिकवतो."

मी विचारलं, कुठल्या झाडाचं?

गुरुजी पुण्याकडचे, त्यांना काय ठाऊक. मग बसवून चहा दिला नि सांगितलं. पौष-माघात आम्ही कवळ तोडतो, म्हणजे झाडाच्या डहाळ्या. वाळवायच्या, शेतात पसरून जाळायच्या, तो झाला राब. त्या राखेत भाताचं रोप धरायचं. पुरुष झाडावर, बाईमाणूस खाली. बाईनं गाणं धरल्याबिगर कोयती लावायची नाय, आणि गाणं संपलं की उतरायचं. मग हातातली फांदी अर्धी का राहीना. एका झाडाला वर्षात एकदाच. म्हणून लहान झाडाला चार ओळी, मोठ्याला आठ-दहा. केवढं झाड, तेवढं गाणं.

गुरुजी म्हणाले, "हे पुस्तकात नाही."

मी म्हटलं, घाला की मग.

२ फेब्रुवारी

गुरुजींनी गाण्याला परीटघडीचे कपडे चढवले! "वृक्षराजा, क्षमा असावी" असं सुरू होतं. पोरं हात वर करून झाडं होतात, एक पोरगी पाखरू होते. चारच ओळी, पण काय गोड. मी शाळेच्या ओट्यावर बसून तीनदा म्हणायला लावलं.

पण गंमत पुढं. शेजारच्या सहदेवाची पोर काल बापासाठी तेच गायली. सहदेव ऐनाच्या मोठ्या झाडावर जरा कुठं टेकतोय तोवर चार ओळी झाल्यासुद्धा. उतरणं भाग. खाली आला तो काखेत दोन फांद्या घेऊन. तसाच शाळेत गेला भांडायला — "गुरुजी, माझं भात काय कवितेवर उगवायचं?"

गुरुजींनी माफी मागितली म्हणे. पण ओळी वाढवायला तयार नायत.

९ फेब्रुवारी

भिकू आला मुंबईहून! महिपतचा थोरला, आवडीचा नवरा. गिरणीत रजा टाकून आलाय. बरोबर ढोलकी, डोक्याला वासाचं तेल. त्यांची नाचाची पार्टी हाय तिकडं, वाडीतलीच पोरं सगळी. म्हणतो, "आजे, तुझं गाणं आम्ही स्टेजवर करतो. पब्लिक उठू देत नाय."

उद्या विहिरीवरचा ऐन धरायचाय. भिकू म्हणतो गाणं मी म्हणणार. रीत बाईची हाय. पण नातू मुंबईहून आलाय, त्याला नाय कोण म्हणेल?

१० फेब्रुवारी

कसं लिहू.

भिकूनं ढोलकीवर थाप मारली नि सगळी वाडी विहिरीवर गोळा झाली. काय ते गाणं! आमच्या तीन फांद्यांच्या त्यानं अकरा केल्यात. सातवी फांदी गिरणीच्या भोंग्याला, आठवी ट्रामच्या खांबाला, नववी मुकादमाच्या पाठीला — बायका हसून हसून विहिरीच्या कठड्यावर बसल्या. आवडी पदराआडून बघत होती नवऱ्याकडं. मी तर टाळ्या वाजवत होते. महिपतबी वर रंगात आला, ढोलकीच्या ठेक्यावर कोयती. एक फांदी, एक ठेका.

अकरावी झाली नि भिकू "उतर" म्हणणार, तेवढ्यात मीच ओरडले, अजून एक होऊ दे रे!

मीच. दुसरं कोण नाय.

त्यानं अजून दोन कडवी जोडली तिथल्या तिथं. माझा नातू, असा हुशार. मग "उतर बाबा" झालं नि महिपत उतरला नि आम्ही वर बघितलं.

सून तुळजा पहिली बोलली. "अवो, शेंडा कुठं हाय?"

भिकू म्हणाला, "ती शेंड्याची ओळ चालीत बसत नव्हती, आजे. आम्ही काढून टाकली."

११ फेब्रुवारी

आज विहिरीत ऊन पडलं. मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

१५ फेब्रुवारी

भिकू गेला. जाताना विहिरीकडं बघितलं नाय. पोराचा दोष नाय, गाणं चांगलंच होतं. अजून डोक्यात वाजतं नि वाजलं की मला लाज वाटते.

४ एप्रिल

गुडघ्यांसाठी सवच्या उन्हाळ्यावर, गरम झऱ्यांवर, आले दोन दिवस. ऊन पाण्यात पाय सोडून बसलं की हाडातली कळ अशी बाहेर येते. माझी मावसबहीण ठकूबाई तिथलीच. पणतवंड मांडीवर घेऊन बसली होती आणि आमचंच गाणं म्हणत होती, पण अंगाई केलेलं! कोयती नाय, राब नाय —

उतर गो नीज, उतर आता
शेंड्यावरनं डोळ्यांवर

मला सुचलं असतं का हे जन्मात? पोर झोपलं, माझाबी डोळा लागला.

उठल्यावर ऐनाचं सांगितलं. ठकी म्हणाली, "शेंडा गेलेलं झाड दोन पावसाळे बघावं गो. घाई करशील तर फसशील." मग म्हणाली, "आणि तू कधीपासून टाळ्या वाजवायला लागलीस? लहानपणी तर कुणाचं गाणं तुला पटायचं नाय."

१८ मे

सगळ्या ऐनांना पालवी आली. सहदेवाच्या ऐनाला तर बघवत नाय इतकी, दोन फांद्यांशिवाय काय गेलंच नव्हतं त्याचं.

आमचा तसाच उभा. विहीर दरसालापेक्षा तीन पायऱ्या खाली गेलीय. आवडी गाळ उपसून पाणी आणते. तिला चौथा महिना हाय.

३ जून

महिपत जेवायला बसला नि म्हणाला, "आये, गोठ्याचं छप्पर धरणाऱ्या दोन मेढी कुजल्यात. मृगाच्या आत नव्या उभ्या करायला पायजेत. शनिवारी विहिरीवरच्या ऐनाला कुऱ्हाड लावतो. तू गा."

मी म्हटलं, तो मेलेला नाय.

"मेलाय. चार महिने झाले."

ठकी दोन पावसाळे म्हणते.

"ठकूमावशीचे बैल माझ्या गोठ्यात नायत." आणि मग हळूच म्हणाला, "मलाबी बरं वाटत नाय आये. कोयती माझीच होती. रोज पाण्याला जाताना तो समोर दिसतो."

मी विचारलं, बुंध्याला कुऱ्हाड लावायचं गाणं आपल्यात कुठं हाय? काय गाऊ?

"भिकूचं गा. लांब हाय, पुरेल."

तुळजानं भाकरी अशी आपटली ताटात.

५ जून

ऐनापाशी जाऊन नखानं साल खरवडली. आत ओल हाय. महिपतला बोलावून दाखवली. म्हणाला, "ओलीवर गोठा उभा राहत नाय, आये." त्याचंबी खरं. बैल भिजले तर पेरणी कोण करणार.

पण पाणी आणायला आवडी जाते, महिपत नाय. सावली गेली नि पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली, तर तान्हं काखेला मारून पार वहाळाच्या पाण्याला जाईल का ती?

महिपत माझा लेक, चांगला लेक. त्यानं मागितलेलं गाणं मी आजवर नाकारलं नाय.

७ जून

गळा बसला म्हणून सांगितलं. महिपत हसला. "काल तर सहदेवाच्या कोंबड्यांना शिव्या देत होतीस." तरी गळा बसला, म्हटलं, काय करू. "बरं, मग आवडी गाईल."

मी आवडीकडं बघितलं नाय. तिला काय शिकवलं नाय, देवाशपथ.

८ जून. शनिवार

महिपत सकाळपासून कुऱ्हाड घेऊन ऐनाखाली उभा होता. आवडीनं पदर तोंडाला लावून खोकून दाखवलं. तुळजाचाबी गळा बसलाय. सहदेवाची बायको आली, ती नुसती मान हलवते. तिची शाळेतली पोरसुद्धा! वाडीत सतरा बायका, एकीला आवाज नाय.

दुपारी गोठ्याला बांबूचे टेकू लागले. कुऱ्हाड आढ्याला टांगलीय.