सरकी फोडणारी सून

महागाव, शनिवार, १२ डिसेंबर १९५९

आज माझीच मला लाज वाटते आहे. कापूस ओला की सुका हे सरकी दाताखाली फोडून ओळखायचं, याच जोरावर मी हमालाचा व्यापारी झालो. आता तोंडात एकही दात नाही. दोन वर्षं झाली, नमुन्याचा मूठभर कापूस आत जातो, दाराआड सूनबाई गिरजा सरकी फोडते आणि मी ओट्यावरून कान देतो. सुकी असली तर कट् वाजते, ओली मुकाट चेपते. लोकांना वाटतं, म्हातारा नुसत्या बोटांनी ओळखतो. मीही वाटू देतो.

आज शेतकरी किसनराव कापसाची बैलबंडी घेऊन आले. आतून कट् आलं नाही. मी म्हटलं, "ओला हाय, दोन दिवस वाळू घाला."

"गजब हाय शेठ! सुनेले तरी शिकवा हे."

आणि मी हसून म्हणालो, "बायकांले कापसातलं काय समजते?"

ती दाराआडच होती. काय गरज होती हे बोलायची?

जेवताना तिने रोजच्यासारखी भाकर दुधात कुस्करून दिली. मी म्हटलं, "गिरजा, मघाचं मनावर घेऊ नको."

"नाही घेत, मामाजी. पण माहा दात हालून राह्यला. तो पडला का मंग तुमी काय ऐकसान?"

ती हसली. महिनाभर ठणकतो आहे म्हणे. मी कधी विचारलंच नाही.

उद्या तिला यवतमाळला दाताच्या डॉक्टरकडे नेतो. किसनरावांनाही खरं सांगायला हवं. ते मात्र अजून जिभेवर येत नाही.