धाकू तांडेलाचा आवाज

मिऱ्या, रत्नागिरी
१२ जानेवारी २०२५

प्रिय मितेश,

आशीर्वाद. कसा आहेस, जेवतोस का, झोपतोस का, हे विचारणं मी सोडलंय, कारण उत्तरादाखल मोबाइलवर नुसता अंगठा येतो. माझे बोललेले निरोपही तू अर्धेच ऐकतोस, म्हणून कागद घेतला. मला तुझ्याकडे एक मागायचं आहे, बाबांसाठी. पण आधी तुझ्या ‘बांगडू’वरून भांडू दे, म्हणजे मागणं सोपं जाईल.

घरी ठीक. मिरजोळ्याच्या कंपनीत मला सकाळची पाळी मिळाली, कोळंबी सोलणाऱ्या बायकांवर देखरेख. सानिका दुसरीत आहे, पुढचे दोन दात पडले तरी बडबड कमी नाही. संध्याकाळी ती आणि बाबा मिळून टीव्हीवर बांगडू बघतात. बघत होते म्हणायला हवं.

तुमचं कार्टून कसं कसं बदलत गेलं ते मी घरबसल्या पाहिलंय. पहिल्या वर्षीची चित्रं वाईटच होती, उगाच कशाला खोटं बोलू? समुद्राला तीनच लाटा, त्याच पुन्हापुन्हा यायच्या, आणि बांगडू पोहताना कागदाची पताका हलल्यागत हलायचा. पण गोष्ट आमची होती. मग तुमचा हात बसला. तिसऱ्या वर्षीचा तो भाग आठवतो? ओहोटी लागते, बांगडू खडपातल्या डबक्यात अडकतो आणि दिवसभर भरतीची वाट बघत बसतो. बाजूला धाकू तांडेल जाळं सांधत त्याच्याशी हुज्जत घालतो. दुसरं काही घडतच नाही. तो भाग सानिका अजून मोबाइलवर लावते आणि श्वास रोखून बघते.

पुढे वाहिनीने रोजचा भाग मागितला आणि तुमची धावपळ सुरू झाली. बांगडूला लोखंडी पर फुटले, तो उडायला लागला, एकदा तर चंद्रावर गेला. ‘तिकडे तो काय खातो?’ असं सानिकाने विचारलं. आणि धाकू तांडेल दर भागात घसरून पडायला लागला. होडी हाकणारा माणूस असा उठसूट पडतो होय रे? बाबा मात्र तुमचीच बाजू घ्यायचे. म्हणायचे, “रोज होडी पान्यात घातली तर डागडुजी कदी करनार? पोरांना येळ नको?”

धाकूचा पहिला आवाज त्यांचाच ना! आवाज टिपताना बाहेरचा गलका नको म्हणून तू पडवीत त्यांच्या डोक्यावर गोधडी टाकून बोलायला लावायचास. आत ते घामाघूम व्हायचे आणि तुला शिव्या द्यायचे, त्यातल्या दोन तू तशाच ठेवल्यास. नंतर मुंबईतला कलाकार आला. बाबा म्हणाले, “बरा झाला, माजा घसा सुटला.” रोज बघत मात्र राहिले.

गेल्या महिन्यात एका भागात धाकू पहाटे होडी ढकलतो आणि बायकोला सांगतो, “जातो मी.” बाबांनी उठून टीव्ही बंद केला. सानिका रडायला लागली. ते तिला समजावत होते, पण बोलत होते स्वतःशीच. “दर्यावर निघालेला मानूस कदी ‘जातो’ म्हनतो काय? ‘येतो’ म्हनतो. उंबऱ्यात उभ्या बायलीला ‘जातो’ सांगून कोन निघतो?” मी म्हटलं, असेल चूक. तर म्हणाले, “ह्यो मितेशनं लिवलेला नाय. मितेश असा लिवायचा नाय. कुनी दुसऱ्यानं लिवला.”

भागाच्या शेवटी नावं भराभर वर सरकतात, त्यांच्या डोळ्यांना ती लागत नाहीत. मला लागली. लेखक म्हणून तुझंच नाव होतं, मितेश. मी त्यांना सांगितलं नाही. सांगवलंच नाही मला.

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. बरं, थोडं टोचावं म्हणून लिहितेय. बाबांची होडी दिसेनाशी होईपर्यंत आपली आई बंदरावर उभी राहायची, आणि तिच्याच मुलाच्या हातून हा शब्द गेला. इतकं दमवलंय का तुला त्या रोजच्या भागांनी? दोन वर्षं झाली, तू घरी आलेला नाहीस.

आता मागायचं ते. तुला वाटतं बाबा तुझ्यावर रागावलेत, कारण तुझा फोन आला की ते दोन शब्दही न बोलता माझ्या हातात देतात. ते रागावलेले नाहीत. ते आवाज लपवतात.

पावसाळ्यानंतर त्यांचा घसा बसला तो सुटलाच नाही. थंडी म्हणत राहिलो, काढे झाले, मग कोल्हापूरला नेलं. गाठ आहे, आणि ती वाईट आहे. वेळेत सापडली, जिवाला धोका नाही म्हणतात, पण स्वरयंत्र काढावं लागेल. महिनाअखेरीला ऑपरेशन आहे. नंतर बाबा जेवतील, हिंडतील, बंदरावर जाऊन बसतील. बोलणार नाहीत. मुंबईला नेऊ म्हटलं तर ऐकेनात, कारण तिथे तू आहेस. ‘त्याला कळवलास तर बघ,’ अशी धमकीही दिलीय. ती मी आज धुडकावतेय.

परवा सानिकाने जुना भाग लावला होता. बाबा आतून आले, उभ्यानेच ऐकत राहिले. मग घोगऱ्या आवाजात मला विचारलं, “असा व्हता काय गो माजा आवाज? चांगला व्हता की.” मी मोरीवर जाऊन उगाच भांडी घासत बसले. मला फार रडू आलं.

तर तू ये, ऑपरेशनच्या आधी ये. ते आवाज टिपायचं यंत्र आणू नकोस, त्यांना ते लगेच कळेल. नुसता येऊन बस. त्या ‘जातो’वरून त्यांना खडसावायचंय कुणाला तरी, आणि तो कुणीतरी तू आहेस हे तूच तुझ्या तोंडाने सांग. ओरडतील. आवाज फुटेल, खोकला येईल, पाणी दे आणि पुन्हा ओरडू दे. उलट बोलू नकोस.

तुला बघितल्यावर ते पहिलं म्हणतील, “कामं टाकून कशाला आलास, परत जा.” तेवढं एक ऐकू नकोस. बाकी सगळं ऐकून घे.

तुझी ताई,
योगिनी