पाटी कोण धरणार

८ नोव्हेंबर

पुढच्या वर्षी शिकायला-पोहायला कुठे जायचं ते ठरवायचंय, म्हणून आई आणि मी मोठं विद्यापीठ बघून आत्ता घरी आलो. पाय दुखतायत, इतकं फिरवलं.

तलाव म्हणजे काय तलाव आहे तो. छत इतकं उंच की हाक मारली तर परत येत नाही. प्रत्येक मुलीच्या कपाटावर तिचं नाव कोरलेलं. सगळे नीट बोलले, हसले. आणि मी दिवसभर पोट आत ओढून चालत होते, का कोण जाणे.

कोचने माझ्या वेळा विचारल्या. मग आईकडे वळून म्हणाला, "पालकांसाठी कॉफी तिकडे आहे." आई गेली. कॉफी घेतली नाहीच. कप सापडले नाहीत आणि विचारायची लाज वाटली म्हणे. चाळीस पोरं भरलेली शाळेची बस बर्फात चालवणारी बाई, आणि तिला कपाची लाज.

सराव बघितला. एक मुलगी मैल पोहत होती — माझीच शर्यत. लेनच्या टोकाला दुसरी एक जण, कितवी फेरी चाललीय ते तिला दिसावं म्हणून, आकड्यांची पाटी धरून बसली होती. एका हातात पाटी, दुसऱ्यात फोन. वळण आलं की पाटी पाण्यात बुडवायची, आकडा पलटायचा, पुन्हा फोन. आकडे बरोबर होते. चूक काहीच नव्हती. तरी मी पोहणारीला सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

माझी पाटी आई धरते. मी अकरा वर्षांची असल्यापासून. तिला स्वतःला पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते. तरी गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसते. मी मागे पडले की पाटी डावीउजवीकडे हलवते, म्हणजे हल आता. आणि शेवटची फेरी आली की आकड्याऐवजी नुसती नारिंगी पाटी. ती नारिंगी दिसली की पायांत कुठून तरी जीव येतो.

तिथे पालकांना काठावर येऊ देत नाहीत. विचारून घेतलं.

९ नोव्हेंबर

बाबांनी एकच विचारलं — जेवण कसं होतं? म्हटलं, जेवलोच नाही तिथे.

"मग बघून काय आलात? पाहुण्यांसमोर माणसं खोटं बोलतात, बाईसाहेब. बटाटे खोटं बोलत नाहीत."

बाबा कागदाच्या कारखान्यात आहेत. तिथल्या मालकांची पारख त्यांनी कँटीनवरूनच केली, असं त्यांचं म्हणणं. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे सल्ला जो तो आपापल्या कारखान्यातून देतो. पण देतात. त्यासाठी तरी आभार.

१६ जानेवारी, मार्सडेन

मारेनच्या खोलीत बसून लिहितेय. ती दात घासायला गेलीय.

मारेन चौथ्या वर्षाला आहे, माझ्यासारखीच मैल पोहते. आज मुक्काम तिच्याकडे, आई गावातल्या मोटेलमध्ये. मार्सडेनचं विद्यापीठ एवढंसं. तलावाला सहाच लेन, फरशा फुटलेल्या, भिंतीवरचं घड्याळ मागे पडलेलं. कोणी लपवायचा प्रयत्नही केला नाही. पोहण्यासाठी शिष्यवृत्ती नाही, मार्कांसाठी आहे.

कोच ब्रेके पन्नाशीच्या आहेत, शिट्टी बुटाच्या नाडीला बांधलेली. आधी आईशीच बोलल्या. "बस चालवता? हिवाळ्यातही? मग आमच्या ड्रायव्हरला जरा समजवा. तो बर्फ बघितला की देवाचं नाव घेतो आणि डोळे मिटतो." आई हसली. अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा.

मग मला विचारलं, पोहणं सोडून काय करायचंय? मी सांगून टाकलं. शिक्षिका व्हायचंय, आणि आमच्या गावातल्या एकूण एक पोराला पोहायला शिकवायचंय. गावात एवढं मोठं तळं आणि निम्मी पोरं गुडघ्यापुढे जात नाहीत. बोलताना मलाच भाबडं वाटलं. कोच हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उन्हाळ्याआधी आम्ही इथल्या पोरांचे वर्ग घेतो. पगार नाही. पोरं चावतात."

रात्री मेसमध्ये शुक्रवारचा तळलेला मासा. बटाटे उत्तम. बाबांना सांगायला हवं. टेबलावर मारेन आणि तिची पाटी धरणारी बेथ. बेथ पहिल्या वर्षाला आहे, माशाच्या तीन प्लेट संपवल्या तिने. मारेन म्हणाली, "मी पोहताना मोजत नाही. मोजायला लागले की हात जड होतात. सगळं पाटीवर सोडते."

मी म्हटलं, "माझी आई इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही."

बढाईच मारली जरा. पण खरी आहे.

१७ जानेवारी, घरी

येताना गाडीत आईने रेडिओ लावला नाही. झालं तसं लिहिते.

आज मार्सडेनच्या तलावावर स्पर्धा होती, आणि सकाळी बेथला उलट्या. मारेनच्या मैलाला पाटी धरायला कोणी नाही, बाकीच्यांच्या शर्यती पाठोपाठ. मारेन सरळ आईकडे आली. "मिसेस कुबिआक, डेलियाने काल तुमची फार स्तुती केलीय. आता भोगा."

आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चांगली जोरात हलवली.

कोच म्हणाल्या, "घड्याळं धरायला आम्ही पालकांनाच बसवतो. पाटीलाही चालेल."

मी वर संघाबरोबर. रोवेना नावाची दांडगी मुलगी शेजारी. तिने माझ्या डोक्यात निळी टोपी घातली — "घाल, नाहीतर पलीकडच्यांची हेर वाटशील." मग त्यांची बस बर्फात अडकली ती गोष्ट सांगायला लागली, ड्रायव्हरच्या आवाजासकट. माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या मुलींना ओळखून मला एक दिवसही झाला नव्हता.

मारेन सुरेख पोहत होती. दुसरी होती, पहिलीच्या पायांशी. मग नारिंगी पाण्यात गेली आणि मारेनने अंगातलं होतं नव्हतं ते काढलं. भिंतीला हात लावला, चष्मा वर केला, घड्याळ बघितलं. तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की आम्ही सगळ्या उभ्या राहिलो.

मग शेजारची लेन पलटी मारून परत निघाली. तिच्या पलीकडचीही.

दुसऱ्या टोकाला आई गुडघ्यांवर होती. पाटीवरचे दोन आकडे तिच्या बोटांत एकदम पलटले होते. एक पूर्ण फेरी आधीच तिने नारिंगी दाखवली होती.

आई ओरडली, "अजून आहे! जा पोरी, जा!" सगळ्या तलावाला ऐकू गेलं. मारेनने पाण्यातून तिच्याकडे बघितलं. क्षणभरच. चष्मा खाली केला, भिंतीला लाथ मारली आणि निघाली. आईने पुन्हा नारिंगी धरली. या वेळी दोन्ही हातांनी. मारेन चौथी आली.

मागून कोणीतरी विचारलं, "कोण आहे ती बाई?"

इथे तरी खरं लिहायला हवं. मी बुटांकडे बघत बसले.

रोवेनाने कोपर मारलं. "तुझी आई ना ती? मग इथे काय करतेस? जा की."

गेले. माझ्याआधी मारेन पोचली होती, अंगातून पाणी गळतंय, आणि तिने आईला तशीच ओली मिठी मारलेली.

"मी तुझी शर्यत घालवली," आई म्हणाली.

"नियमात काय आहे? मोजायची जबाबदारी पोहणाऱ्याची. मी आळशी आहे, त्याला तुम्ही काय करणार? अजून माझे पाचशे यार्ड आहेत. पाचशेला याल ना?"

"मला नको सांगूस, बाळ."

"मग कोणाला सांगू? बेथ अजून बादलीला मिठी मारून बसलीय."

कोच आल्या. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी आईच्या हातात घडी घातलेला टॉवेल दिला. "गुडघ्यांखाली घ्या, मार्लिस. या फरशीने बऱ्याच जणींचे गुडघे खाल्लेत." आणि गेल्या.

पाचशेला आई पुन्हा टोकाला बसली. मी मुद्दाम बघत होते. तिच्यामागे तपासायला कोणीही उभं राहिलं नाही. कोच तर पाठ करून दुसऱ्या मुलीशी बोलत होत्या. आई प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होती, प्रार्थना म्हणावी तसा. बरोबर मोजलं. मारेन दुसरी आली.

निघताना दाराशी आई आणि मारेन थोडा वेळ बोलत होत्या. मी सामान ठेवत होते.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा आईने चीजचे तुकडे घेतले, पिशवी मध्ये ठेवली. दोघींनी हात लावला नाही. मग म्हणाली, "मी एकदाच वर बघितलं गं. तू त्या मुलींमध्ये बसली होतीस. हसत होतीस. तिथलीच असल्यासारखी."

मी तिचा हात धरला. तिने म्हटलं, गिअर बदलायचाय, सोड.

रोवेनाच्या कोपराचे आभार. ते लागलं नसतं तर मी किती वेळ बसून राहिले असते, माहीत नाही.

१८ जानेवारी

चर्चमध्ये लक्ष नव्हतं. आता ते मला कशाला घेतील.

२१ जानेवारी

कोच ब्रेकेंचा फोन. पहिला प्रश्न — "आईचे गुडघे कसे आहेत?"

संघात जागा आहे म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "दुसरीकडे गेलीस तरी मला कळव, मी तुझे निकाल बघत जाईन." शनिवारचं अवाक्षर नाही. फोन ठेवल्यावर जिन्यात बसून रडले. चांगलं रडणं होतं.

१२ फेब्रुवारी

मोठ्या विद्यापीठाचंही पत्र आलं. घेतायत. पहिलं वर्ष बहुतेक बाहेरच्या स्पर्धांना नेणार नाहीत, पण घेतायत. माझ्या पोहण्याच्या क्लबचे सर खूश. "तिथे तू वेगवान होशील," म्हणाले. खरं आहे. तिथे मी नक्कीच वेगवान होईन.

बाबा म्हणाले, "एकाचे बटाटे मला माहीत आहेत, दुसऱ्याचे नाहीत. मी आणखी काय सांगू?"

आईला विचारलं तर भांडी घासायला लागते.

१४ मार्च

मार्सडेन. कळवलं.

आईची चूक झाली म्हणून नाही, ती पोटात घातली म्हणून नाही — हे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून बघितलं. ते पोरांचे वर्ग मला हवेत. ती टोपी हवी. चार वर्षं पोट आत ओढून चालायचं नाहीये मला. आणि हो, माझ्या मैलाला जी कोणी टोकाला बसेल, तिचा फोन पिशवीत असेल.

थोडी हळू पोहेन कदाचित. चालेल. नाही, एवढं सहज चालणार नाही. पण निवड माझी आहे.

बाबांनी शेजारच्यांना सांगितलं, "आमची पोरगी माशासाठी कॉलेजात चाललीय."

१९ एप्रिल

बेथशी फोनवर बोलत होते. खोली कुणाबरोबर घ्यायची वगैरे. बोलता बोलता ती म्हणाली, "ते तीन प्लेट मासे अजून माझ्या मनाला खातात. मी आजारी पडले नसते तर मारेन विभागीय स्पर्धेत पोहली असती."

मला कळेना. मग तिलाच समजलं की मला माहीत नाही.

विभागीय स्पर्धेसाठी मैलाची एकच जागा उरली होती. ती त्या शनिवारच्या वेळेवर ठरायची होती. मारेनचं शेवटचं वर्ष. चार वर्षं तिने तेवढ्यासाठी घालवली होती. कोच म्हणाल्या होत्या, तरी तुलाच नेते. मारेन नको म्हणाली. वेळ ती वेळ, त्या दिवशी जी वेगाने पोहली त्या पहिल्या वर्षाच्या मुलीला जागा द्या. आणि तिच्याबरोबर मारेन गेली. पाटी धरायला.

"कोच म्हणाल्या होत्या, कुबिआकांच्या घरी हे कळता कामा नये," बेथ म्हणाली. "आता मला तलावात बुडवतील."

म्हणजे ती ओली मिठी, ते "मी आळशी", ते "पाचशेला याल ना" — हे सगळं ती ते गमावून पाच मिनिटं झाल्यावर बोलत होती.

आईला सांगणार नाही. तिला झेपणार नाही.

२० एप्रिल

आईने जेवताना विचारलं, तोंड का असं? मी म्हटलं काही नाही. तिने काटा खाली ठेवला. "मारेनचं कळलं वाटतं."

तिला माहीत होतं. त्याच दिवशी, दाराशी, तिने सरळ विचारलं होतं, मी तुझं किती नुकसान केलं? आणि मारेन खोटं बोलली नव्हती.

"मग इतके महिने मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू माझं देणं फेडायला म्हणून मार्सडेनला गेली असतीस. ते मी बघते. गेल्या महिन्यात तिची शेवटची एक छोटी स्पर्धा होती, तिथे जाऊन आले, पुन्हा तिची पाटी धरली. तू पोहायला जा."