नकाशावरचा वाळूचा दांडा

प्रिय एमिल,

मंगळवारी सकाळी तुझी बोट धान्याचे बार्ज, त्या सपाट मालनावा, ढकलत खाली गेली. नेहमीसारखीच, पलीकडच्या काठाने. मी दुर्बिणीतून पाहत होते. टोपी नवी घेतलीस वाटतं. तुला शोभत नाही.

गेल्या आठवड्यात पपांची पत्र्याची पेटी आवरायला काढली आणि त्यात नदीचे दोन नकाशे सापडले. एक त्यांच्या, नदीतून बोटी नेणाऱ्या पायलटच्या परीक्षेतला. सगळी नदी आठवणीतून काढावी लागते, हे तुला मी काय सांगू! दुसरा १९४३चा. नौदलाने त्यांना टगवर, जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, वाट दाखवायला घेतलं तेव्हा तिथला अधिकारी लेफ्टनंट प्रुइट याला काढून दिलेला. दोन्ही टेबलावर पसरून मी भिंग घेऊन बसले. वळणं तीच, बेटं तीच. फक्त दुसऱ्या नकाशात आपल्या घरासमोर, नदीच्या ऐन मध्यात, एक वाळूचा दांडा जास्त होता, बोटींना वळसा घालावा लागेल असा उथळ.

प्रुइट आठवतो का तुला? पपा म्हणायचे, "पोरगं गुणी आहे रे, पण नदीवर येऊन भरती कधीची म्हणून विचारतं!" वरच्या गोद्यांत बांधलेली, अजून इंजिनही न बसवलेली जहाजं ही टग न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोचवायची. वाटेत थांबायचं नाही, भोंगा वाजवायचा नाही, असा हुकूम. आणि इकडे ममाची खाट व्हरांड्यात. फुप्फुसांना मोकळी हवा हवी, म्हणून थंडीतही तिथेच. टगची धडधड ऐकू आली की ती म्हणायची, "ओडील, उशी उंच कर. आले बघ." टग आपल्या काठाला इतकी खेटून जायची की पपांच्या गालावरचे खुंट दिसायचे. "दाढी करायला काय होतं यांना?" ममा पुटपुटायची, आणि मग दिवसभर तिचा खोकला कमी असायचा.

दांड्याचं कोडं काही मला स्वस्थ बसू देईना. नावाडी गसला गाठलं. तो म्हणाला, "तुमच्या घरासमोर दांडा? अगं बाई, साठ वर्षं झाली मला या पाण्यावर. तिथे माझा नांगर तळाला लागायचा नाही!" तेव्हा दोन्ही नकाशे घेऊन पपांकडेच गेले. भिंग लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि लबाड पोरासारखे हसले. म्हणाले, "थांबायला बंदी होती. वळसा घ्यायला कोण नको म्हणतंय? लिओनीला, तुझ्या ममाला, मी दिसायला हवा होतो ना."

प्रुइटला हे कळलं होतं का, याचा विचार मी तेव्हापासून करतेय. पाण्याची खोली मोजायची दोरी समुद्रावरच्या माणसालाही वाचता येते. तिसऱ्या खेपेपासून तो आपल्या व्हरांड्याकडे पाहून टोपी काढायचा. मी चौदाची, मला वाटायचं माझ्यासाठीच. टग यायच्या सुमाराला शाळेची कॉलर मी दोनदा इस्त्री करायचे, वर्गात उशिरा पोचून सिस्टर बर्नाडेटची बोलणी खायचे. आता वाटतं, ती टोपी खाटेसाठी निघत होती. त्याने वर कधी कळवलं नाही, हे नक्की.

ममा मार्चमध्ये गेली तेव्हा पपा न्यू ऑर्लिन्सला होते. दफनाला पोचले नाहीत. तू अकरा वर्षांचा होतास. "त्यांना बायकोपेक्षा बोट मोठी," असं कबरीपाशी म्हणालास, ते मी ऐकलं होतं. त्यानंतर पपांशी तू कामापुरतंच बोललास. मीही तुला कधी अडवलं नाही, कारण थोडंसं मलाही तसंच वाटत होतं.

आता त्याच व्हरांड्यात, त्याच खाटेवर पपा आहेत. तुझ्या इंजिनाचा आवाज त्यांना कळतो. "एमिल गेला," म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात. पन्नास हातांपलीकडचं त्यांना दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, महिना काढला तरी खूप. घरी ये, असं मी म्हणत नाही. तुझा हट्ट मला ठाऊक आहे. पण पुढच्या मंगळवारी तू पुन्हा खाली जाशील. परवा गसने दोरी सोडून पाहिली, आपल्या काठाला पाणी अजून भरपूर आहे. नकाशा सोबत पाठवते आहे. त्यातला दांडा खरा मान, आणि वळसा घे. पपांची उशी मी उंच करून ठेवीन.

लहानपणी तुझे केस विंचरणारी, अजूनही तुझीच,
ओडील

ता. क. टोपी मात्र काढ.