टाकीच्या बदनामीचा बंदोबस्त

७ एप्रिल, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. नवीन पद मिळालं: ऑनलाइन प्रतिमा प्रमुख. जळगाव एमआयडीसीत हे पद दुसऱ्या कुणाकडे नाही. काम सोपं. आमच्या 'वज्रदेह' पाण्याच्या टाकीबद्दल इंटरनेटवर कुणी वाईट लिहिलं की ते नाहीसं करायचं. मालक भटूनाना म्हणाले, योगेंद्र, महिन्याभरात एक वाकडा शब्द दिसायला नको. मी म्हणालो, पंधरा दिवस पुरेत.

८ एप्रिल
पहिली केस. पारोळ्याच्या मंजुळाबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका. फेसबुकवर व्हिडिओ. गच्चीवर आमची टाकी, चार ठिकाणी धार. म्हणतात, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, ते तीन तासांत अंगणात गेलं. हा भावनिक भाग, सोडून दिला. पण शेवटी म्हणतात, "हाई टाकी नही, चायनी शे." म्हणजे थेट चायनीज मालाचा आरोप. एक्कावन्न जणांनी पाहिलाय. वेळीच पकडलं.
ऑफिसातली डिंपल म्हणाली, बाईंनी आधी पाच वेळा फोन केला होता, कुणी उत्तर दिलं नाही. तक्रार विभाग वेगळा. माझा संबंध नाही.

१० एप्रिल
कुंदन वकिलाकडून बाईंना नोटीस पाठवली. मसुदा माझा: 'आमची टाकी चायनी नसून संपूर्ण स्वदेशी आहे. सात दिवसांत व्हिडिओ काढून जाहीर माफी मागावी.' कुंदन म्हणाला, शब्दाचा अर्थ कुणाला तरी विचारून घे. गरज नाही. आई घरात अहिराणीच बोलते. मी मराठीत उत्तर देतो, आजवर अडलेलं नाही.

१२ एप्रिल, दुपारी १
बाईंनी नवा व्हिडिओ टाकला. अंगणात उभं राहून माझी नोटीस वाचली. उच्चार स्वच्छ. मग पिठाची चाळणी वर धरली. "भाऊ, पीठ चायतस ती हाई चायनी. इन्हामा पानी ऱ्हास नही." पाणी राहत नाही, एवढं कळलं.
एकोणीस हजार लोकांनी पाहिला. धुळे, शिरपूर, पार नाशिकपर्यंत. जमेची बाजू: तिकडे आपलं नाव कुणाला माहीत नव्हतं.

१३ एप्रिल
आईला सहज विचारलं, चायनी म्हणजे काय. चाळणी, म्हणाली. मग स्वयंपाकघरातली चाळणी आणून माझ्यासमोर ठेवली.

१५ एप्रिल
चूक वकिलाची. त्याने जोर देऊन सांगायला हवं होतं.
आता सकारात्मक मार्ग. पुण्याच्या एका एजन्सीकडून चाळीस फाइव्ह-स्टार रिव्ह्यू. सकाळी आले. पहिल्या नऊ रिव्ह्यूंत लिहिलंय, पनीर मऊ होतं, स्टाफ नम्र आहे. एजन्सी हॉटेलांचंही काम करते. डिंपलने ते मोठ्याने वाचून दाखवले, तेही पॅकिंगवाल्या बायकांसमोर. मी म्हणालो, ग्राहक समाधानी आहे एवढं बघा.

१७ एप्रिल
आपल्या पेजवरच्या कॉमेंट बंद केल्या. शांतता. तासाभरात लोक मंजुळाबाईंच्या पेजवर स्वतःच्या टाक्यांचे फोटो टाकायला लागले. शिरपूर सहा, धरणगाव अकरा. काहींच्या टाक्या आमच्या नसाव्यात. बहुतेकांवर मात्र नाव स्पष्ट दिसतं. अक्षर मोठं ठेवा, हा आग्रह माझाच होता.
फेसबुककडे रीतसर तक्रार केली. कारण निवडायचं होतं: नग्नता, हिंसा, इतर. 'हिंसा' निवडलं. टाकी फुटते, त्यामुळे बसतं.

२१ एप्रिल
विजय. मंजुळाबाईंचे दोन्ही व्हिडिओ गायब. फेसबुकला माझा मुद्दा पटला. ऑफिसात पेढे वाटले. केबिनवर पाटी लावायला सांगितली.
डिंपल म्हणाली, सर, फॅक्टरीत बोलतात की दिवाळीपासून टाकीचा थर पातळ केलाय, उन्हात फुटणारच, नानांच्या कानावर घालायचं का. मी म्हणालो, आता कशाला, व्हिडिओ गेला ना.

२३ एप्रिल
नानांनी बोलावलं. सत्काराच्या तयारीने इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नाना म्हणाले, शनिवारी मी स्वतः पारोळ्याला जाऊन बाईंना हात जोडले. कंपनीने नवी टाकी बसवून द्यायची, त्यांनी व्हिडिओ काढायचे. म्हणजे फेसबुकचा यात काही संबंध नाही.
बाईंच्या दोन अटी. पहिली: टाकी आपल्या कंपनीची नको. नाना लगेच कबूल झाले. मी विचारलं, आपलीच घ्या असं म्हणाला नाहीत? म्हणाले, आणि परत फुटली तर?
बाकीच्या गावांचं काय, हेही विचारलं. म्हणाले, त्यांचे व्हिडिओ थोडेच आहेत, नुसते फोटो आहेत.
दुसरी अट: नोटीस ज्याने लिहिली, त्याने टाकी बसवायला यायचं.

२४ एप्रिल
पारोळा. चव्वेचाळीस डिग्री. कौतिक प्लंबर आणि मी, दुसऱ्या कंपनीची टाकी, अरुंद जिना. मंजुळाबाईंनी आधी पाणी दिलं, मग जेवून आलास का विचारलं. चुलीवरची भाकर, भरीत. नोटिशीचा विषय काढला नाही. मी दोनदा काढायला गेलो, त्यांनी भरीत वाढलं.
दुपारी नळ आला. टाकी भरली. मी खाली अर्धा तास उभा होतो. एक थेंब नाही. वर जाऊन वाजवून पाहिली. जाड आहे. कंपनीचं नाव आणि नंबर लिहून घेतला. आमच्या घरच्या गच्चीसाठी.