घेवडा घोटताना

आदर्श नगर, जयपूर
संक्रांतीनंतरचा मंगळवार

प्रिय प्रणाली,

परवा फोनवर विचारलंस, आत्या, घोटलेला घेवडा कसा करायचा, इथं जोधपूरच्या हॉस्टेलातल्या बायकांना खायला घालायचाय. मी सांगायला लागले तर तू नुसती हं हं करत राहिलीस. सून होऊन घरात आलीस तेव्हापासून माझ्या शेजारी उभी राहून केलास, आणि आता विचारतेस होय? तुला घेवडा नको होता, घरातला आवाज ऐकायचा होता. बरं, ऐकलास. आता कृतीपण घे. भार्गवी म्हणते, आजी, मोबाइलमध्ये बोलून पाठव ना, मतलब लिहायला कशाला बसतेस. पण फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तू गोळ्या घेतल्या का, पाय कसा आहे, असलं काहीतरी काढून पळ काढतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. चौथीपर्यंतची माझी अक्षरं आहेत, लागतील तशी लाव.

तर घेवडा रात्री भिजत घाल. आपला कोरेगावचा वाघ्या तिथं मिळायचा नाही. इथला किराणावाला चित्रा राजमा म्हणून देतो तो चालतो. पट्टे बघून घे, लालभडक घेऊ नको, त्याची साल चिवट. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि नव्या पाण्यात चांगल्या शिट्ट्या होऊ द्यायच्या. चिमटीत दाबला की लोण्यासारखा बसला पाहिजे. अर्धाकच्चा ठेवलास तर सगळं हॉस्टेल संडासासमोर रांग लावील आणि तुझी पहिल्याच महिन्यात कीर्ती होईल. मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाज. त्या, लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ आधी खलबत्त्यात कुट, मग त्यात घेवडा घालून घोट. घट्ट वाटला तर शिजवलेलंच पाणी घाल. मिक्सर लावू नको, त्याची खळ होते, भिंतीला पोस्टर चिकटवायला बरी. शेवटी लिंबू आणि वरून कच्चं शेंगतेल. मध्ये वाडगं ठेवायचं आणि भोवती भाकरीचे तुकडे, काकडीच्या चकत्या, भाजलेला पापड. ज्याला जे पाहिजे ते त्यानं बुडवावं. भार्गवी ह्याला डिप म्हणते. तिच्या मैत्रिणी विकतची डबी आणतात आणि ही ती डबी आमच्या आजीच्या डिपपेक्षा बेकार आहे म्हणून सांगत सुटते. म्हणेना का. पोटात गेल्यावर नाव कोण विचारतंय.

माझा पृथ्वीराज हाच डबा भरून युनिटात न्यायचा, आठवतं का? त्याच्या तुकडीतली हरयाणाची पोरं पुरीबरोबर खायची आणि डबा परत यायचा तो गाजराच्या हलव्यानं भरून. आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत हे त्यानं त्या पोरांना शिकवून ठेवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, रिकामा डबा आला की तो दारातूनच परत पाठवायचा. बापासारखा निर्लज्ज. त्या धुक्यात त्याची गाडी उलटली आणि तो गेला, त्यानंतर ती पोरं घरी आली होती. एकानं माझ्यासमोर भरलेला डबा ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी तो हलवा खाल्ला. तुला तेव्हा वाटलं असेल, ही बाई खाते कशी. खाल्ला बाई. टाकायला मन होईना.

घरात आता दोन माणसांचा स्वयंपाक मला जमत नाही. हात तिघींचाच चालतो. उरलेलं खालच्या गाईला जातं, ती भलतीच माजली आहे. सहा वाजले की झालान्याच्या जंगलाच्या बाजूनं येणाऱ्या स्कूटरचा आवाज झाला रे झाला, मी चहाचं आधण वाढवते. मग दिसतं, ती समोरच्या बँकवाल्याची असते. तुझं ऑफिस त्या जंगलाला लागून, मला रोज बिबट्याची भीती वाटायची, हे मी तुला कधी सांगितलं नाही. उलट म्हणायची, तुला बघून तोच पळेल. भार्गवीला सांगितलंय, मार्चपर्यंत शाळा संपव, मग आईकडं. ती संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवत होती आणि मधूनच खाली येऊन विचारत होती, मम्मीचा फोन आला का. माझ्या हातात नुसता तिळगूळ बघून परत वर गेली.

आता मुद्द्यावर येते. खुर्चीत नीट बस.

आपल्या इथल्या मराठी माणसांची महिन्याची अंगत-पंगत झाली, बागेतच, सतरंज्या टाकून. ज्यानं त्यानं आपापलं केलेलं आणलं, मध्ये ठेवलं आणि सगळ्यांनी सगळ्यांचं खाल्लं. जयंतीबाईंनी भरलेल्या मिरच्या दह्यात कालवून आणल्या होत्या, बऱ्या होत्या, मीठ त्यांच्या हाताला लागतच नाही. कॅन्टोन्मेंटातल्या बायकांनी मुळ्याचा पाला घालून पिठलं आणलं. तो विमा कंपनीतला निनादही आला होता, नगरचा. पहिल्या खेपेला तो वेफरची पुडी घेऊन आला होता आणि मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, हात मोडलेत का, तोच हा. त्यानंतर त्यानं शेंगदाण्याची चटणी आणली ती रस्त्यावरच्या खडीसारखी. पण आणत राहिला, एवढं खरं. काडीमोड झालेला एकटा माणूस, उपाशी राहत असेल म्हणून मी दर वेळी त्याला घेवड्याचा डबा भरून द्यायची. तो डबा तू त्याच्या हातात द्यायचीस. मला वाटायचं, माझे गुडघे दुखतात म्हणून उठतेस.

आणि मी काय करत होते? मी त्याच्यासाठी जयंतीबाईंची भाची मिताली बघत होते. तुझ्यासमोर तिचं कौतुक चाललं होतं माझं, नाक सरळ आहे, भाकरी गोल करते. तू भांडी घासत होतीस आणि होय आत्या, होय आत्या म्हणत होतीस. ताट आपटलं असतंस तर बरं झालं असतं. मी काय देवी आहे का, तुझ्या पोटातलं मला आपोआप कळायला?

कळलं ते असं. गेल्या रविवारी निनाद डबा परत करायला घरी आला. डबा भरलेला होता. म्हणाला, काकू, पहिल्यांदाच जमलाय, चाखून बघा. घेवडा. मी बोट लावलं आणि मला वरपासून खालपर्यंत चटका बसला. त्यात गॅसवर सालीसकट भाजलेला कांदा ठेचून घातला होता. प्रणाली, भाजलेला कांदा घेवड्यात घालणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलं, ते तू. पहिल्यांदा घातलास तेव्हा मी म्हणाले होते, हे काय वांग्याचं भरीत आहे का, आणि तेव्हापासून तू तो पंगतीला कधी नेला नाहीस. स्वतःपुरता वाटीभर करायचीस आणि ओट्याशी उभ्यानं खायचीस. ती वाटी माझ्यापुढंसुद्धा कधी केली नव्हतीस. ती ह्या माणसाच्या हाताला कशी लागली?

मी त्याला बसवलं. समोर मटारची परात ठेवली, कारण रिकाम्या हाताचा पुरुष खोटं बोलतो. म्हटलं, सोलत सोलत सांग. त्यानं सांगितलं. तुम्ही दोघं ऑफिस सुटल्यावर झालान्याच्या फाटकापाशी चहा प्यायचात आणि तू त्याला स्वयंपाक शिकवायचीस, नुसत्या तोंडानं. त्यानं दिवाळीत तुला विचारलं. तू नाही म्हणालीस. का, तर आत्यांना माझ्याशिवाय कोण आहे, त्यांच्यासमोर मी दुसऱ्याच्या नावाचं मंगळसूत्र कसं घालू. आणि मग जोधपूरची बदली. मला म्हणालीस, साहेबांनी पाठवलं, काय करणार. साहेबांकडं अर्ज तूच टाकला होतास की गं! माणूस नको म्हणून पळालीस असं असतं तर मी हूं का चूं केलं नसतं. पण तुला तो हवा होता, आणि तू पळालीस माझ्यापायी.

तो हे सांगताना मटार परातीत आणि टरफलं पण परातीत टाकत होता. मी म्हटलं, नीट सोल. तो गेल्यावर मी त्या डब्यातला घेवडा भाकरीला लावून खाल्ला. चांगला झाला होता. कांद्यानं चव वाढते. हे मी एकदाच लिहितेय, परत तोंडानं म्हणणार नाही.

आणि आता कशासाठी लिहिलं ते सांगते. येत्या रविवारी निनादची आई नगरहून येतेय. मी तिला फोन करून म्हटलंय, मुलगी बघायला नाही, जेवायला या. तू शनिवारच्या गाडीनं यायचंस. तो माणूस तुला नको असला तर त्याच्या तोंडावर नाही म्हण, मी त्याला पोटभर जेवायला घालून वाटेला लावीन. पण नाही म्हणायचं ते स्वतःच्या नावानं म्हणायचं, माझं नाव पुढं करून नाही. मी एकटी पडेन ही काळजी सोड. तुम्ही जिथं घर कराल त्याच्या शेजारच्या गल्लीत मी खोली घेईन आणि रोज येऊन तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवीन, मग म्हणशील, म्हातारी एकटी होती तेच बरं होतं. राहिला पृथ्वीराज. तो माझ्या पोटचा आहे. त्याची आठवण काढायला, त्याच्यावर चिडायला आणि त्याच्यासाठी रडायला मी आहे. ते काम माझं आहे, मी ते मरेपर्यंत करीन. तू तुझ्या वाट्याचं केलंस, पुष्कळ केलंस. आता ते खाली ठेव आणि ये.

कुणाचीही सून झालीस तरी तुझीच,
आत्या